वाट मोकळी करणारे वीर

(सामुदायिक रेडिओवर २६ जानेवारीच्या आठवड्यात सादर झालेले भाषण)

रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्या ताई, माई, मावश्या आणि आमच्या बचत गटांतल्या मैत्रिणींनो, हातातलं काम चालू राहू द्या. भाकरी थापता थापता ऐकलं तरी चालेल.

चार दिवसांवर २६ जानेवारी आली. शाळेत लेझमाचा सराव चालू आहे, पोरांची भाषणं पाठ करून घेणं चालू आहे. रेडिओ केंद्रावरून मला सांगितलं, ताई, या वेळी रणांगणावर पराक्रम करून पदक मिळवलेल्या जवानांवर बोला. मी बचत गटांची समन्वयक. माझं बोलणं म्हणजे हप्ता, परतफेड, शेळीपालन आणि वहीतल्या सह्या. पण बी.ए.ला इतिहास होता, म्हणून हो म्हटलं. पुस्तकं काढली, वाचलं, आणि मासिक बैठकीत सहज सगळ्यांना विषय सांगितला.

आमच्या गटात एक वहिनी आहेत. त्यांचे मालक फौजेत होते, सेवेत असतानाच गेले. वहिनींचं नाव मी इथे घेत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. त्या बैठकीत फारशा बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र म्हणाल्या, "ताई, बोला की. पण किती जणांना मारलं, तेवढंच नका सांगू. कुणासाठी काय केलं, तेही सांगा."

मी ते लिहून घेतलं आणि घरी जाऊन सगळं परत वाचलं. म्हणून आज तुम्हाला ज्या गोष्टी सांगणार आहे, त्या वहिनींनी घालून दिलेल्या बेताच्या आहेत.

पहिली गोष्ट रामा राघोबा राणे यांची. जन्म २६ जून १९१८, कारवारजवळच्या चेंडिया गावचा. कारवार आता कर्नाटकात आहे, तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. राणे फौजेत गेले ते बॉम्बे सॅपर्समध्ये. या लोकांचं केंद्र आपल्या पुण्याजवळ खडकीला आहे. सॅपर म्हणजे काय, तर पूल बांधणारे, रस्ते करणारे, पेरलेले सुरुंग काढणारे. सैन्य पुढे जायचं असेल तर आधी हे लोक जातात. त्यांच्या हातात बंदुकीपेक्षा फावडं आणि पहार जास्त वेळ असते.

१९४८ सालचा एप्रिल महिना. काश्मीरची पहिली लढाई चालू होती. नौशेराहून राजौरीला आपले रणगाडे जायचे होते. रस्ता डोंगरातला, सापासारखा वळणावळणाचा. शत्रूने त्यात सुरुंग पेरलेले, मोठमोठी पाईनची झाडं तोडून आडवी टाकलेली, मोऱ्या उडवून दिलेल्या, आणि वरच्या डोंगरावरून मशीनगन रोखलेल्या. रणगाडा कितीही मोठा असला तरी सुरुंगावर गेला की जागेवर बसतो. तेव्हा हा रस्ता मोकळा करायचं काम सेकंड लेफ्टनंट राणे यांच्याकडे आलं.

८ एप्रिलला सकाळी अकराच्या सुमाराला ते आपल्या माणसांना घेऊन रणगाड्यांजवळ थांबले होते. काम सुरू व्हायच्या आधीच शत्रूच्या उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन माणसं जागीच गेली, पाच जण जखमी झाले. त्या पाचांत स्वतः राणे होते. त्यांनी उरलेल्या माणसांची परत जुळवाजुळव केली आणि कामाला लागले. संध्याकाळी बारवाली इथली टेकडी आपल्या सैन्याने घेतली. शत्रू अजून आसपास आहे हे माहीत असताना राणे पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी बाजूने रस्ता काढायला लागले. शत्रूच्या नजरेसमोर, गोळ्या चालू असताना, रात्री दहापर्यंत काम केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला परत सुरू. दुपारी तीनपर्यंत तो रस्ता झाला. मग सगळ्यात पुढच्या गाडीत राणे स्वतः बसले. अर्धा मैल गेले तर आडवी झाडं. उतरले, सुरुंग लावून झाडं उडवली, पुढे. तीनशे यार्डांवर परत तेच. मग उडवलेली मोरी, तिला बाजूने वळसा काढला. दिवस मावळायच्या वेळी पाच मोठी झाडं आडवी आली, त्यांच्याभोवती सुरुंग, आणि दोन्ही बाजूंनी गोळ्या. राणे तिथेही सुरुंग काढायला बसले होते. वरिष्ठांनी अंधार पाहून रणगाडे मागे घेतले, म्हणून ते थांबले.

१० तारखेला पहाटे पावणेपाचला परत तिथेच. साडेसहाला तो अडथळा निघाला. पुढचे हजार यार्ड म्हणजे नुसते अडथळेच होते. साडेदहापर्यंत तेही मोकळे केले. रणगाडे पुढे तावी नदीच्या पात्रातून चिंगसला पोचले. आता कुणीही म्हटलं असतं, झालं आपलं काम. पण मागून दाणापाणी, दारूगोळा घेऊन येणाऱ्या गाड्यांना रस्ता हवा होता. म्हणून जखमी अंगाने, खाणं नाही, विश्रांती नाही, असे ते रात्री नऊपर्यंत राबत राहिले. ११ तारखेला सकाळी सहाला परत हजर. अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला, आणि रात्री दहापर्यंत त्याच्या पुढचा. १२ एप्रिलला आपलं सैन्य राजौरीत शिरलं.

त्यांची आणखी एक हकीकत सांगतात. गोळ्यांच्या माऱ्यात रस्त्यावर बसून सुरुंग काढता येईनात, तेव्हा राणे रणगाड्याच्या खाली शिरले आणि त्याच्याबरोबर सरपटत पुढे गेले. चालवणाऱ्याला खूण करायला दोन दोऱ्या. एक ओढली की थांब, दुसरी ओढली की चल. वर एवढं लोखंडाचं धूड, खाली जमिनीत सुरुंग, आणि मध्ये हा जखमी माणूस.

मैत्रिणींनो, या कामासाठी त्यांना परमवीर चक्र मिळालं. रणांगणावरच्या शौर्याचं हे आपल्या देशातलं सगळ्यात मोठं पदक. आजवर फक्त २१ जणांना मिळालंय, त्यातल्या १४ जणांना मरणोत्तर. राणे मात्र जिवंत परत आले, पुढे मेजर झाले, १९६८ साली निवृत्त झाले आणि १९९४ साली पुण्यात वारले. मानपत्रात त्यांचे चार दिवस तासातासाने लिहिलेत. मी शोधत होते, त्यांनी किती शत्रू मारले ते. त्यात त्याचा आकडाच नाही. आकडे आहेत ते वेळेचे आणि रस्त्याच्या अंतराचे. किती वाजता कामाला लागला, किती वाजता थांबला. आपल्या रोजगार हमीच्या हजेरीपत्रकासारखं वाटलं मला ते.

दुसरी गोष्ट आपल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमज गावच्या नामदेव जाधव यांची. ही दुसऱ्या महायुद्धातली. तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं आणि आपली पोरं त्यांच्या फौजेत लढत होती. लढाई दुसऱ्यांची होती असं कुणी म्हणेल. पण शेजारी पडलेला जखमी माणूस आपल्याच गावाकडचा होता.

नामदेव होते साधे शिपाई, मराठा लाइट इन्फंट्रीचे. काम निरोप्याचं. ९ एप्रिल १९४५ ला इटली देशात सेनिओ नावाच्या नदीवर त्यांची तुकडी पोचली. त्या नदीला पूर आवरण्यासाठी दोन्ही काठांना उंच बांध घातलेले आहेत, आणि त्या बांधांत जर्मन सैन्य मशीनगन लावून बसलं होतं. पलीकडे पोचलेल्या पहिल्या थोड्या माणसांतली बहुतेक पडली. नामदेवांनी एका जखमी साथीदाराला उचललं, खोल पाण्यातून अलीकडे आणलं, उभ्या चढाचा बांध चढले, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून त्याला सुरक्षित जागी पोचवलं. आणि परत गेले. दुसऱ्याला तसंच आणलं. दोन्ही वेळा वरून गोळ्या आणि तोफा चालूच.

आपल्यातल्या ज्यांनी आजारी माणसाला झोळी करून ओढ्यातून पलीकडे नेलंय, त्यांना माहीत आहे, दमलेल्या माणसाचा भार पाण्यात किती होतो ते.

त्यानंतर ते तिसऱ्यांदा गेले, ते लढायला. हाताला जखम झाली, बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून हातबॉम्ब घेतले. ते संपले तेव्हा आणखी आणायला मागे आले आणि परत गेले. मशीनगनची तीन ठाणी त्यांनी बंद पाडली. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभे राहिले, 'बोल छत्रपती शिवाजी महाराज की जय' अशी आरोळी दिली आणि मागच्या तुकड्यांना हाताने खूण केली, या पलीकडे. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्या वेळचं सगळ्यात मोठं पदक. ते सुखरूप घरी आले आणि १९८४ सालापर्यंत जगले.

तिसरे यशवंत घाडगे, रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले. हेही मराठा पलटणीचे, हुद्दा नाईक. १० जुलै १९४४, इटलीतच टायबर नदीच्या खोऱ्यात. अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्या हाताखालची सगळी माणसं मेली किंवा जखमी झाली. एकटे यशवंतराव उभे. ते तसेच मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून गन बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि बंदूक परत भरायला वेळ नाही म्हणून उरलेल्या दोघांशी बंदुकीच्या दस्त्यानेच झुंजले. ते ठाणं बंद झालं, पण लपलेल्या बंदूकधाऱ्याच्या गोळीने यशवंतराव तिथेच पडले. वय २२. माणगावात त्यांचा पुतळा आहे. इटलीतल्या मोंटोने या गावाने २०२३ साली त्यांच्या नावाने एक सावलीचं घड्याळ उभारलं. इतक्या वर्षांनी, परक्या देशातल्या गावाने आपल्या कोकणातल्या पोराची आठवण ठेवली.

त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण घ्यायला ते नव्हते. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई गेल्या. व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हातून त्यांनी ते घेतलं. देशाचा सगळ्यात मोठा साहेब समोर उभा, आणि ऐन तारुण्यात कपाळ मोकळं झालेली एक बाई. त्या वेळी तिच्या मनात काय चाललं असेल, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. आमच्या वहिनी मात्र सांगू शकतील.

आता एक गोष्ट बाईची. परमवीर चक्राचा नमुना कुणी काढला माहीत आहे? सावित्रीबाई खानोलकर यांनी. जन्माने त्या युरोपातल्या, जन्म स्वित्झर्लंडचा, माहेरचं नाव ईव्ह. मराठी लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी लग्न करून १९३२ साली त्या इथल्या झाल्या. मराठी, संस्कृत, हिंदी शिकल्या, पुराणं वाचली, महाराष्ट्रातल्या संतांवर पुस्तक लिहिलं. देश स्वतंत्र झाल्यावर नवी पदकं करायची होती, तेव्हा मेजर जनरल हिरालाल अटल यांनी हे काम त्यांच्यावर सोपवलं. त्यांनी काय काढलं? काशाचं गोल पदक, मधोमध राजमुद्रा, आणि भोवती इंद्राची चार वज्रं. वज्राची गोष्ट आपल्या सगळ्यांना कीर्तनातून माहीत आहे. दधीची ऋषींनी दुसऱ्यांच्या रक्षणासाठी आपली हाडं दिली आणि त्यांचं वज्र झालं.

आणि योग बघा. पहिलं परमवीर चक्र मिळालं मेजर सोमनाथ शर्मा यांना, मरणोत्तर. ३ नोव्हेंबर १९४७ ला बडगामच्या लढाईत ते गेले. एक हात आधीच मोडून प्लास्टरमध्ये होता, तसे ते लढायला गेले होते. हे सोमनाथ म्हणजे सावित्रीबाईंच्या थोरल्या लेकीचे दीर.

पेपरात चक्रांची नावं वाचून आपला गोंधळ होतो, म्हणून थोडक्यात सांगते. परमवीर, महावीर आणि वीर चक्र ही शत्रूसमोरच्या शौर्याची. अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र ही रणांगणाबाहेरच्या शौर्याची. शाळेतल्या पोरांनी विचारलं तर सांगता येईल.

आता मला माझी एक चूक सांगायची आहे.

आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेचं कौतुक फार. अपशिंगे गावाच्या नावापुढे तर 'मिलिटरी' लावतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. आमच्याही गावात दरवर्षी २६ जानेवारीला वहिनींना स्टेजवर बोलावतात, शाल देतात, नारळ देतात, वीरपत्नी म्हणून टाळ्या वाजवतात. गेल्या वर्षी संक्रांतीला आमच्या गटाने हळदीकुंकू केलं. बोलवायच्या बायकांची यादी मीच केली. वहिनींचं नाव त्यात घातलं नाही. विसरले नव्हते मी. हात तिथे थांबला होता. त्यांना वाईट वाटेल, कुणीतरी काही बोलेल, असं मनाशी म्हटलं आणि पुढचं नाव लिहिलं. आणि दहा-बारा दिवसांनी त्याच वहिनींसाठी टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पुढच्या रांगेत होते.

महिनाअखेरीला वसुलीला गेले तेव्हा वहिनींनी हप्ता मोजून दिला, चहा केला, एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यांच्या मालकांना वीर म्हणायचं आणि त्यांना अपशकुनी ठरवायचं, हे एका गावाला एकाच महिन्यात कसं जमतं? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र, जोडवी काढून घ्यायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ते परिपत्रक मी स्वतः ग्रामसंघाच्या बैठकीत वाचून दाखवलं होतं. वाचून दाखवलं, आणि यादीत नाव घातलं नाही.

राणे यांची हकीकत वाचताना मला हे टोचलं. सगळ्यांना ठाऊक होतं की रस्त्यात काय पुरलेलं आहे. पण कुणीतरी पुढे होऊन खाली बसून ते काढल्याशिवाय मागच्यांना जाता येत नव्हतं.

म्हणून मागच्या आठवड्यात वहिनींच्या घरी गेले. माझं चुकलं, असं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला एकटीला बोलावू नका. आपल्या गावात अशा किती जणी आहेत, त्यांना सगळ्यांना बोलावणार असाल तर येते." आम्ही मोजल्या. आमच्या वाडीत अकरा निघाल्या.

तर या २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की दुपारी चार वाजता समाजमंदिरात आमच्या गटाचं हळदीकुंकू आहे. गटात आम्ही बारा जणी. ठराव झाला तेव्हा आठ जणींनी सही केली. चौघींनी केली नाही, त्यातल्या एकीने तर सांगितलं, सासूबाई येऊ देणार नाहीत. तिच्यावर मी रागावले नाही. गेल्या वर्षी माझाही हात थांबलाच होता की. पण पहिलं वाण वहिनींच्या हातून वाटायचं, हे ठरलंय.

वाण काय द्यायचं यावर बरीच चर्चा झाली. स्टीलची वाटी, प्लास्टिकचा डबा झाला. शेवटी वहिनींनीच सुचवलं, कागद ठेवायची फाइल द्या. मालक गेल्यावर त्यांना सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल, तर कागदांचा. लग्नाआधीचं नाव एकीकडे, लग्नानंतरचं दुसरीकडे, जन्मतारीख तिसरीच. पेन्शन सुरू व्हायला फेऱ्या घालाव्या लागल्या, त्या वेगळ्याच.

ज्यांच्या घरात कुणी फौजेत आहे किंवा होतं, त्यांनी एवढं लक्षात ठेवा. लग्नाची आणि प्रत्येक मुलाच्या जन्माची नोंद जवानाच्या युनिटमधून रेकॉर्ड ऑफिसला गेली पाहिजे. तिला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. पुढच्या सुट्टीत त्यांना विचारा, झाली का? आधार, बँक आणि सेवेच्या नोंदीत तुमचं नाव आणि जन्मतारीख अगदी एकसारखी हवी. निवृत्त झालेल्यांचं डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, कुठे ठेवलाय ते घरातल्या बाईला माहीत हवं. त्याच्या दोन झेरॉक्स काढून वेगळ्या ठेवा. नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला द्यायला विसरू नका. आणि काही अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. माजी सैनिक आणि त्यांच्या मागे राहिलेल्या बायकांसाठीच ते कार्यालय आहे. एकटीला जायला संकोच वाटत असेल तर गटातल्या एकीला बरोबर घ्या.

पोरांना २६ जानेवारीच्या भाषणासाठी राणे यांची गोष्ट शिकवा. चार दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, जखमी अंगाने त्यांनी काय केलं, ते तासातासाने सांगायला लावा. आणि संध्याकाळी हळदीकुंकवाला निघालात तर शेजारच्या दारावर थाप मारून तिलाही हाक द्या.

आमच्या समाजमंदिरात आम्ही वाट बघतोय. सही न केलेल्या चौघींचीही फाइल आणून ठेवली आहे.